फाइल घेऊन कोण जातं?

प्रिय ताई,

माझं वय 51, मिस्टरांचं 56. दोन वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून पाच गोळ्या चालू आहेत, त्यात मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. गोळ्यांचा डबा मीच भरते, एकही डोस चुकू दिलेला नाही. बीपी आता 118/76 असतं. पण पूर्वीचा माणूस कुठे गेला कळत नाही. सकाळच्या फिरण्याचा ग्रुप सोडला. दुपारभर झोपतात. हातपाय गार पडतात. रात्री स्वप्नात ओरडून उठतात. वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपतायत, म्हणतात, तुझी झोपमोड नको. काय होतंय विचारलं तर ‘काही नाही’. मी बीटा ब्लॉकरबद्दल सगळं वाचून काढलं, साइड इफेक्टची यादी त्यांना वाचून दाखवली, तर आणखीच गप्प झाले. दर तीन महिन्यांनी फाइल घेऊन मीच जाते, ह्यांना तिथं ताटकळत बसवत नाही. डॉक्टरही म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे.’ आता बीपी नॉर्मलच आहे, तर ती एक गोळी ह्यांना न सांगता डब्यातून कमी करून पाहू का? एवढं करूनही माझ्याकडून काय कमी पडतंय?

– एक वाचक

*

पाहू नका. एक दिवससुद्धा नाही. बाकीचं नंतर बोलू, आधी हे पक्कं करा.

हृदयाच्या पेशींवर ताणाच्या वेळी रक्तात सुटणारं अ‍ॅड्रेनलिन जिथे येऊन चिकटतं त्या जागा बीटा ब्लॉकर अडवून धरतो. म्हणून ठोके मंदावतात आणि हृदयाला कमी राबावं लागतं. पण शरीर स्वस्थ बसत नाही. जागा अडलेल्याच राहिल्या की पेशी हळूहळू नव्या जागा तयार करतात. अशात गोळी एकदम थांबली, की जुन्या-नव्या सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात आणि तेच अ‍ॅड्रेनलिन पूर्वीपेक्षा जास्त जोरानं लागू पडतं. नाडी धावते, बीपी उसळतं, छातीत दुखतं, आणि ज्याला एक अटॅक येऊन गेलाय त्याला दुसरा येऊ शकतो. ही गोळी बंद करायचीच झाली तर डॉक्टर डोस उतरवत आणतात. त्याला एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. डब्यातून गुपचूप काढून टाकणं हा त्याचा मार्ग नव्हे. शिवाय ते 118/76 गोळ्या घेऊन आलेलं आहे. आणि अटॅकनंतर मेटोप्रोलॉल देतात ते नुसतं बीपी उतरवायला देत नाहीत. ठोके बिघडू नयेत, हृदयावर ताण येऊ नये, हे त्यामागचं मुख्य कारण. बीपीचा आकडा बघून त्या गोळीचा हिशेब करताच येत नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत, जवळजवळ शाबासकी मिळाल्यासारखं लिहून टाकलंय. फाइल घेऊन तुम्ही जाता.

म्हणजे डॉक्टर तपासतायत कोणाला?

कागद तपासतायत. बीपीची वही, साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, सगळं ठाकठीक. पण बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाची नाडी फाइलवर बोट ठेवून लागत नाही. तो जिना चढून आल्यावर कसा दिसतो, हात किती गार आहेत, उभं राहिल्यावर बीपी किती खाली येतं, पाय सुजलेत का, हे बघायला माणूस समोर लागतो. तुमच्या डॉक्टरांचं मला मुळीच कौतुक वाटत नाही. निर्धास्त राहण्याची सोय त्यांनी करून घेतली आणि वर तुम्हाला प्रशस्तिपत्रक दिलं. पण ती सोय पुरवली तुम्ही.

माझ्याकडून काय कमी पडतंय, असं विचारता. कमी काहीच पडत नाहीये, बाई. जास्त होतंय. डबा तुम्ही भरता, बीपी तुम्ही मोजता, डॉक्टरांशी तुम्ही बोलता, साइड इफेक्ट तुम्ही वाचता, आणि आता त्यांना न विचारता त्यांची गोळीही तुम्हीच कमी करणार होतात. या सगळ्या कारभारात त्यांच्या वाट्याला एकच काम उरलंय, पाणी घेऊन गिळायचं. दमलेला, मंदावलेला माणूस अशा घरात आणखी मंदावतो, त्याला मेटोप्रोलॉलची गरज लागत नाही. तुम्ही हे प्रेमानं केलंत यात शंका नाही. अटॅकच्या रात्री जी धास्ती बसली ती तुम्ही अजून डबा भरून भरून शमवताय, तेही दिसतं. तरीसुद्धा मी तुमची समजूत काढणार नाही, कारण तिकडे एक माणूस वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपतोय.

त्या खोलीबद्दल बोलायलाच हवं. यादी वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले, असं तुम्ही लिहिलंय. त्या यादीतल्या कोणत्या ओळीवर 56 वर्षांचा नवरा गप्प होतो, हे तुम्हाला माहीत नाही असं मला वाटत नाही. या गोळ्यांमुळे काही पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येते. मात्र त्यात गोळीचा वाटा किती आणि धास्तीचा किती, हा भाग फार गमतीशीर आहे. 2003 साली इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचं नुकतंच निदान झालेल्या 96 पुरुषांना बीटा ब्लॉकर जातीचं अ‍ॅटेनोलॉल दिलं, 32-32 चे तीन गट करून. पहिल्या गटाला गोळीचं नावही सांगितलं नाही, दुसऱ्याला नुसतं नाव सांगितलं, तिसऱ्याला नाव सांगून हा त्रास होऊ शकतो असंही सांगितलं. पहिल्या गटात एकाला त्रास झाला, दुसऱ्यात पाच जणांना, तिसऱ्यात दहा जणांना. गोळी तीच. आता सांगा, यादी मोठ्यानं वाचून तुम्ही काय साधलंत?

कारण कदाचित निराळंही असेल. अटॅकनंतर संबंधाचीच भीती बसते, अनेकांना बसते. रक्तवाहिन्यांचा आजार त्या भागातल्या वाहिन्यांनाही असतो. नैराश्य असेल. किंवा खरोखरच नुसती झोपमोड होऊ नये म्हणून ते बाहेर गेले असतील. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. पण जे काही असेल ते बायको फाइल उघडून सांगतेय आणि आपण शेजारी मान डोलावतोय, अशा अवस्थेत कुठलाही पुरुष बोलणार नाही. इथे तर ते शेजारीही नसतात.

यात धोकाही आहे, नुसता संकोच नाही. न बोलणारा माणूस केमिस्टकडून व्हायग्रासारखी त्या कामाची गोळी गुपचूप आणतो. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी अटॅक येऊन गेलेल्या पुष्कळांच्या खिशात असते. या दोन्ही गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर बीपी इतकं कोसळतं की माणूस दगावू शकतो. हे त्यांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी त्यांनी समोर बसायला हवं.

तेव्हा माझं सांगणं एकच. पुढच्या वेळी ते जातील, एकटे. तुम्ही बाहेरच्या बाकावरही बसणार नाही, गाडीतही नाही, तुम्ही घरी. फाइल त्यांच्या हातात द्या. काय विचारायचं त्याची चिठ्ठी लिहून देऊ नका. आल्यावर ‘काय म्हणाले?’ विचारू नका, त्यांना वाटेल तेव्हा ते सांगतील. आणि आज रात्री गोळ्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवा, म्हणा, उद्यापासून हा तुमचा. चुकतील म्हणून तुमचा जीव वरखाली होईल. होऊ दे. मोबाइलवर गजर लावायला त्यांना येत असेल, अटॅक हृदयाला आला होता.

यापुढचं तुमच्यासाठी नाही. हा मजकूर त्यांच्या हातात द्या आणि उठून दुसरं काही काम बघा.

*

नमस्कार. तुमची मी ओळखीची नाही, म्हणून कदाचित सोपं जाईल.

तुम्ही आळशी झालेला नाहीत. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी श्रम केले तरी पूर्वीसारखी वर जात नाही. गोळीचं ते कामच आहे. त्यामुळे चालायच्या ग्रुपात तुम्ही मागे पडलात आणि मागे पडलेलं दिसायला नको म्हणून जाणं सोडलंत, असं मला वाटतं. घड्याळात दिसणारं ठोक्यांचं लक्ष्य तुमच्यासाठी नाही, ते पुसून टाका. चालता चालता धाप न लागता बोलता येईल, हा तुमचा वेग. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे, बोलणारा कोणीतरी मागे राहतोच.

ती स्वप्नंही तुमच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. मेटोप्रोलॉल मेंदूपर्यंत पोचतं, काहींना त्यानं भडक, भीतीदायक स्वप्नं पडतात. याच जातीच्या काही गोळ्या मेंदूत कमी शिरतात, बिसोप्रोलॉल त्यातली एक. गार हातपाय, थकवा हेही ओळखीचं दुखणं आहे, डोस कमी करून किंवा गोळी बदलून बऱ्याचदा सुसह्य होतं. बीटा ब्लॉकरनं नैराश्य येतं अशी जुनी समजूत आहे, ती नीटशी सिद्ध झालेली नाही. अटॅकनंतर मात्र नैराश्य पुष्कळांना येतं, आणि त्यावर उपचार आहेत. कशातच मन लागत नसेल तर तसं म्हणा. आणि बिछान्यातली अडचण असेल तर तीही म्हणा, दारातून निघताना नाही, खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य म्हणून. डॉक्टरांनी ते रोज ऐकलेलं असतं. लाजण्याचा खर्च तुम्ही एकटेच करताय.

एक प्रश्न जरूर विचारा: ही गोळी मला अजून लागते का? प्रश्न आगाऊ नाही, डॉक्टरमंडळीही सध्या त्यावर वाद घालतायत. 2024 साली दोन मोठे अभ्यास आले. स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंडमधल्या रुग्णांत असं दिसलं, की अटॅकनंतर हृदयाची पंप करण्याची ताकद शाबूत, म्हणजे 50 टक्के किंवा जास्त असेल, तर बीटा ब्लॉकरनं मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाले नाहीत. फ्रान्समधल्या अभ्यासात मात्र स्थिर रुग्णांची गोळी थांबवली, तर त्यांना हृदयाच्या कारणानं हॉस्पिटलात जास्त वेळा जावं लागलं, आणि गंमत म्हणजे गोळी सुटल्यावर त्यांना जगणं काही जास्त बरं वाटलं नाही. म्हणजे सरसकट उत्तर नाही. तुमचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काय म्हणतो, ठोक्यांची काही तक्रार होती का, अँजायना, म्हणजे श्रमानं छातीत दुखणं, आहे का, यावर ते ठरेल. ठरवतील डॉक्टर, पण तुमच्याशी बोलून. तोवर रोजची गोळी रोज घ्यायची, आणि एखाद दिवशी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

नाडी सारखी 50 च्या खाली राहत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. तुमच्या गोळ्यांत मधुमेहाची असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घाम मात्र फुटतो, तीच खूण धरायची. गुडघा किंवा पाठ दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या परस्पर घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, बीपी त्यांनी चढतं आणि हृदयाच्या रुग्णाला त्या मानवत नाहीत.

आता तीन महिने पुरे व्हायची वाट बघू नका. या आठवड्यातली वेळ घ्या. फोन तुम्ही करायचा.