मायक्रोवेव्हची ताटली फिरते, दिवा लागतो, पण पदार्थ गारच राहतो. घरी उघडून दुरुस्त करता येईल का?

नाही, पत्र्याचं कव्हर स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरीही. दिवा आणि ताटली चालू असून पदार्थ तापत नाही, म्हणजे बिघाड बहुधा हाय व्होल्टेज भागात असतो: डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) नाहीतर मॅग्नेट्रॉन (पदार्थ तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग). तिथे २००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. तो रिकामा करणारा रेझिस्टर बहुतेक वेळा आत असतो खरा, पण तोच उडाला असेल तर हात लावणं जिवावर बेतेल. बाहेरून एवढं जरूर करा: पॉवर लेव्हल पाहा, दार घट्ट लागतंय का तपासा आणि कपभर पाणी पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा. पाणी गारच राहिलं आणि जोरात घरघर ऐकू आली, तर ताबडतोब बंद करून तंत्रज्ञाला बोलवा.