आधी एक माळ तोडून बघ

प्रिय मैत्रिणीस,

तुझं लांबलचक पत्र मिळालं, सोबतचे फोटोही. निळ्या-करड्या मण्यांची ती तीनपदरी माळ मी दोनदा मोठी करून पाहिली. रंगांची जाण तुला आहे, त्याबद्दल शंकाच नको. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: मण्यांच्या दागिन्यांच्या व्यवसायाला नाव काय द्यावं, डबे छापून घ्यावेत का, आणि सुरुवातीला किती डिझाइन्स असावीत. उत्तरं देते, पण शेवटी आणि थोडक्यात. कारण तुझ्या चार पानांत दोऱ्याबद्दल एक ओळ नाही.

हसू नकोस. आपण सगळ्या मण्यांच्या प्रेमात पडूनच या धंद्यात येतो. पण मणी फुटला म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक मला क्वचितच आठवतं. तुटतो तो दोरा, उघडते ती कडी, सुटते ती गाठ. माझ्या पहिल्याच वर्षी मी पैलूदार काचमण्यांचं एक ब्रेसलेट साध्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवून विकलं. दिसायला झकास होतं. पैलूदार मण्याच्या भोकाची कड धारदार असते, हात हलला की ती दोऱ्यावर करवतीसारखी चालते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. भर समारंभात ते घेणाऱ्या बाईच्या मनगटावरून सुटलं आणि मणी खुर्च्यांखाली गेले. मला हे कळलं आठ महिन्यांनी, तेही तिसऱ्याच बाईकडून. जिचं ब्रेसलेट होतं तिने तक्रार केली नाही. फक्त माझ्याकडे पुन्हा काही घेतलं नाही.

मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत समुद्री गोगलगायींच्या शंखांचे 33 मणी सापडले आहेत, साधारण 1,42,000 ते 1,50,000 वर्षांपूर्वीचे. ते ओवून घातले जात असावेत हे संशोधकांनी ओळखलं ते भोकाभोवतीच्या झिजेवरून. मणी आजही शाबूत आहेत, दोऱ्याची केव्हाच माती झाली. आपल्या धंद्यातली मेख तेव्हापासून तीच आहे.

तर दोरा मण्याच्या भोकाकडे बघून निवडायचा. सीड बीड्सच्या, म्हणजे बियांएवढ्या बारीक काचमण्यांच्या विणकामाला नायलॉनचा दोरा चालतो, पण काठ धारदार असतील तर मासेमारीच्या दोरीसारखा वेणीचा पॉलिथिलीन धागा घे, तो कापला जायला बराच जड जातो. नळीसारखे लांब बगल मणी वापरणार असशील तर प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक गोल सीड बीड टाक, म्हणजे नळीची धार दोऱ्याला थेट लागत नाही. जड दगडी मण्यांना बीडिंग वायर लागते. ही स्टीलच्या बारीक तारांची, वरून नायलॉन चढवलेली असते आणि 7, 19 किंवा 49 पदरांत मिळते. पदर जितके जास्त तितकी ती लवचीक. 7 पदरी तार स्वस्त पडते पण लवकर मुडपते आणि एकदा मुडपली की तो बाक जात नाही. माळेसाठी निदान 19 पदरी घे. मोती रेशमात ओवायचे असतील तर दोन मोत्यांमध्ये गाठ हवी. मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि माळ तुटलीच तर एखाद-दुसराच मोती घरंगळतो.

इलॅस्टिकबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ते झटपट होतं, मापाची कटकट नसते, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण इलॅस्टिक कधी ना कधी सैल पडतंच. विकायचंच असेल तर ओवण्याआधी दोन-चारदा ताणून घे, दोन वेढ्यांची गाठ मार, तिच्यावर गोंदाचा थेंब सोड आणि घेणाऱ्याला सांग की हे ओढून चढवायचं नाही, मनगटावर हलकेच सरकवायचं.

क्रिम्प मणी, म्हणजे तारेचं टोक पक्कं करायला पकडीने दाबायचा धातूचा बारीक मणी, दाबताना तार अगदी घट्ट ओढू नकोस, मिलिमीटर-दोन मिलिमीटर ढील राहू दे. माळ काठीसारखी ताठ झाली की तार वाकताना क्रिम्पच्या काठावर घासते आणि तिथेच तुटते. कडी उघडायची ती टोकं बाजूला फाकवून कधीच नाही. दोन पकडींनी एक टोक पुढे, एक मागे, अशी पिळून उघड आणि तशीच बंद कर. फाकवलेली कडी पुन्हा पूर्ण गोल होत नाही आणि त्या फटीतून दोरा निसटतो. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नव्या कारागिरांच्या कामात हा दोष सर्रास दिसतो.

कानातल्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे तुझी वस्तू दुसऱ्याच्या शरीराच्या आत जाते. निकेलची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. ‘अ‍ॅलर्जी होत नाही’ असं विक्रेता म्हणाला म्हणून तू पुढे म्हणू नकोस. त्याला धातूचं नाव विचार. टायटॅनियम आणि नायोबियम नाजूक कानांना बहुधा मानवतात. स्टर्लिंग चांदीत 92.5 टक्के चांदी असते, उरलेलं बहुतेक वेळा तांबं. मुलामा दिलेल्या हुकाचा वरचा थर पातळ असतो, तो झिजला की खालचा धातू कातडीला लागतो. तेव्हा खाली काय आहे ते माहीत हवं. लहान बाळांसाठी मण्यांचं काही करूच नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. सुटा मणी घशात अडकायला वेळ लागत नाही. माळेची दोन टोकं जोडणाऱ्या चुंबकाच्या फाश्यांचंही तसंच. ते सोयीचे आहेत, पण लहान मुलं असलेल्या घरात आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाला ते देऊ नयेत.

आता मापं. तुझ्या पत्रातली मोठ्या मण्यांची ब्रेसलेट्स ‘कुणालाच बसत नाहीत’ असं तू लिहिलंस, त्याचं कारण मनगट नव्हे, गणित आहे. सरळ ठेवलेल्या सराची लांबी आणि गोल केल्यावर आत उरणारी जागा या दोन गोष्टी वेगळ्या. मण्याच्या व्यासाला 3.14 ने गुणायचं आणि तेवढं लांबीतून वजा करायचं. 18 सेंटीमीटरचा सर 4 मिलिमीटर मण्यांचा असेल तर आत पावणेसतरा सेंटीमीटर उरतात. तोच सर 10 मिलिमीटर मण्यांचा असेल तर पंधराही उरत नाहीत. म्हणून मणी मोठे झाले की सर लांब करायचा. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. सीड बीड्सच्या आकड्यांनीही नवखे गोंधळतात: आकडा मोठा तितका मणी बारीक. 11/0 साधारण 2 मिलिमीटर, 8/0 साधारण 3, 6/0 साधारण 4. सुयांचंही असंच उलटं, 12 नंबरची सुई 10 नंबरपेक्षा बारीक.

पैशाचं बोलायला तुला संकोच वाटतो हे ओळींमधून कळतं. ‘सामानाच्या खर्चात थोडं वर घालून विकते,’ असं लिहिलं आहेस. अगं, हे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं झालं! तुझ्या त्या सपाट विणलेल्या पट्ट्याचंच बघ. अडीच सेंटीमीटर रुंद, सतरा सेंटीमीटर लांब. 11/0 मापाचा दंडगोल मणी 1.6 मिलिमीटर जाडीचा आणि 1.3 मिलिमीटर लांबीचा धरला तर त्या पट्ट्यात दोन हजारांच्या आसपास मणी बसतात. मिनिटाला दहा मणी विणलेस तरी तीन तास वीस मिनिटं. त्यात रंग जुळवणं नाही, चुकलेली ओळ उसवणं नाही, दोरे आत लपवणं, फासा बसवणं, फोटो, बांधणी, ‘हाच लाल रंगात मिळेल का’ या निरोपाला उत्तर, काहीच नाही. आणि किंमत ठरवताना तू फक्त मण्यांची पुडी मोजलीस.

दोन आठवडे घड्याळ समोर ठेवून काम कर. प्रत्येक नगाला लागलेला सगळा वेळ लिही, निरोपांना उत्तरं देण्याचासुद्धा. मग तुझ्या तासाला एक दर लाव, जो दुसऱ्याच्या हाताखाली काम करताना तू मान्य केला असतास. सामान, वेळ, आणि वीज, हत्यारं, बांधणी, बिघडलेले नग यांचा वाटा, असं मिळून झाला तो तुझा खर्च. नफा त्यानंतर सुरू होतो. दुकानदाराला माल द्यायचा असेल तर त्याचा हिस्सा त्याच किमतीत मावला पाहिजे. दुकानात एक किंमत आणि तुझ्याकडे थेट घेतल्यास कमी असं केलंस तर तो दुकानदार पुन्हा माल घेणार नाही, आणि त्यात त्याचं चुकणारही नाही. हिशेब मांडल्यावर काही डिझाइन्स परवडतच नाहीत असं दिसेल. तो विणलेला पट्टा बहुधा त्यातलाच आहे. तो वर्षातून दोन-तीनच कर, नीट किंमत लावून. रोजची चूल दुसऱ्या कशावर तरी चालू दे: वीस-पंचवीस मिनिटांत होणारी कानातली, एकपदरी माळा.

नातलग आणि मैत्रिणी यांना काय भाव लावावा, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. ज्यांना भेट द्यायची त्यांना पूर्ण भेट दे. बाकीच्यांना पूर्ण किंमत. मधला मार्ग मी बारा वर्षं चालून पाहिला. त्यात दोन्ही बाजूंना आपण फसलो असंच वाटतं.

खरेदीच्या बाबतीत थोडी कठोर हो. मणी विकत घेणं हा मणीकामापेक्षा वेगळा छंद आहे आणि हौसेला मोल नसतं. पहिले सहा महिने रंगांचं एकच कुटुंब, दोन मापं, धातूचा एक रंग. जपानी सीड बीड्स मापाला एकसारखे असतात, विणकामाला ते बरे. चेक मणी थोडे कमीजास्त असतात, पण ओवलेल्या माळेत तो जिवंतपणा मला आवडतो. एका डिझाइनला लागणारे सगळे मणी एकाच लॉटमधून घे. मी एकदा अर्धी ऑर्डर झाल्यावर तोच क्रमांक पुन्हा मागवला, आणि आलेला निळा हा निळाच होता, पण माझा निळा नव्हता. अकरा माळा उसवल्या. नवा रंग आला की त्यातले थोडे मणी खिडकीत उन्हात ठेव, अर्धे कागदाखाली झाकून. दोन आठवड्यांनी फरक दिसला तर तो रंग उडणारा आहे. काही मणी ओल्या पांढऱ्या कापडावर चोळ, एखाद्याला नेलपॉलिश रिमूव्हर लाव. धातूचा चमकदार मुलामा दिलेले आणि रंगवलेले मणी इथेच उघडे पडतात.

आणि वस्तूचं नाव खरं लिही. पिरोजा म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट हा पांढरट दगड रंगवलेला असतो. हाउलाइटची माळही सुंदर दिसते. तिला हाउलाइटच म्हण. दुसऱ्याचं डिझाइन हुबेहूब उचलू नकोस. टाके आणि विणी सगळ्यांच्या आहेत, पण कुणीतरी बसून काढलेला नमुना त्याचा असतो. विकायचा असेल तर विचार. बहुतेक जण सरळ उत्तर देतात.

फोटोंचं फार नको. खिडकीशेजारचा मऊ उजेड, साधी पार्श्वभूमी, एक फोटो अंगावर घातलेला, आणि मापं सेंटीमीटरमध्ये. तुझ्या फोटोंत कानातली केवढी आहेत ते मला कळलं नाही, आणि मी तर या कामातली आहे.

मागणीप्रमाणे करून द्यायचं काम घेशील तेव्हा रंग, माप, तारीख लिहून घे, निम्मी रक्कम आधी घे, आणि बदल एकदाच करून मिळेल असं सुरुवातीलाच सांग. प्रत्येक नगाचे चार-पाच जादा मणी चिठ्ठी लावून बाजूला ठेव. दोन वर्षांनी दुरुस्तीला आलेली माळ त्याच मण्यांनी ओवून दिलीस की ती बाई आणखी दोघींना घेऊन येते.

आता तुझे तीन प्रश्न. नाव असं ठेव की फोनवर एकदा सांगितलं तर समोरच्याला लिहिता यावं. डबे छापू नकोस, साध्या डब्यावर शिक्का मार. छापलेले पाचशे डबे घरात पडले की त्यांच्या मापाचेच दागिने करावेसे वाटतात, हा माझा अनुभव. डिझाइन्स पाच. पाचही आधी स्वतः पंधरा दिवस घाल, घरकामात, घामात, गर्दीत.

त्या निळ्या-करड्या माळेसारखीच आणखी एक कर, तोच दोरा, तीच गाठ, तोच फासा. मग ती तोड. हाताने ओढ, दाराच्या मुठीला अडकवून झटका दे, आठवडाभर पिशवीत किल्ल्यांसोबत टाकून ठेव. फासा उघडतो का, गाठ सरकते का, की भोकाशी दोरा पिंजतो, ते बघ. पुढच्या पत्रासोबत फोटो नको, ते तुकडे पाठव. टोकं कापून नीटनेटकी करू नकोस, जशी तुटली तशीच राहू देत.

तुझी,
मावशी