मध्यंतरात किती वडे गेले?

सदतीस वर्षं नाशकातल्या एका एकपडदा थिएटरात काढली. 1979 साली तिकीटखिडकीत बसलो आणि 2016 च्या जूनमध्ये मॅनेजरच्या खुर्चीतून उठलो. थिएटर आता बंद आहे. नाव सांगत नाही, कारण त्या जागेचं काय करायचं यावरून मालकांची पुढची पिढी अजून एकमेकांशी बोलत नाही. संपादकांनी या वेळी गल्ल्याविषयीचे प्रश्न मागवले. निम्मी पत्रं 2025 च्या 'छावा' या हिंदी चित्रपटावरच आली, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

'छावा'ने 600 कोटी केले. मी म्हणतो हे सगळे निर्मात्याला मिळाले, मेव्हणा म्हणतो निम्मेही नाही. मिसळीची पैज लागली आहे. निकाल द्या.
(एक वाचक, सिडको)

मिसळ तुम्ही द्यायची.

आता का ते बघा. मॉलमधलं 236 रुपयांचं तिकीट घ्या. हा आकडा मी मुद्दाम घेतलाय, हिशेब सोपा जातो. शंभराच्या वरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 36 रुपये सरकारचे, राहिले 200. तुमच्या खिशातून गेले ते 236 म्हणजे ग्रॉस, आणि कर काढून राहिलेले 200 म्हणजे नेट. 'छावा'चे भारतातले 600 कोटी सांगतात ते साधारण नेटचे. जगभरची ग्रॉस 800 च्या घरात जाते. ज्याला जो आकडा सोयीचा वाटतो तो तो सांगतो, आणि निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

त्या 200 मध्ये थिएटर आणि वितरक (निर्मात्याकडून पिक्चर घेऊन थिएटरांना देणारा) वाटेकरी. मल्टिप्लेक्सात पहिल्या आठवड्याला निम्मे वितरकाचे, दुसऱ्या आठवड्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे तीस. मोठ्या चित्रपटाला थोडं इकडेतिकडे होतं. ही टक्केवारी आकाशातून पडलेली नाही. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात जुंपली, एप्रिल ते जून दोन महिने नवा मोठा हिंदी चित्रपट लागलाच नाही, तेव्हा कुठे हे ठरलं. त्या दोन महिन्यांत आम्ही जुनेच पिक्चर घासून घासून लावले. डोअरकीपरला संवाद पाठ झाले होते.

तर तुमच्या 236 मधले पहिल्या आठवड्यात वितरकाला 100, दुसऱ्यात 85, तिसऱ्यात 75, नंतर 60. 'छावा'ची कमाई पहिल्या दोन आठवड्यांत जास्त झाली, हे धरून माझ्या हिशेबाने 600 वर वितरकाचा हिस्सा अडीचशे ते पावणेतीनशे कोटी येतो. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरात, पोस्टर वजा करा आणि मग निर्मात्याकडे जा. ओटीटी, टीव्ही आणि गाण्यांचे पैसे वेगळे, त्यांचा खिडकीशी संबंध नाही.

आमच्यासारख्या एकपडद्याचं गणित निराळं होतं. आठवड्याचं भाडं ठरलेलं. ते आम्ही कापून घ्यायचं, उरेल ते वितरकाचं. काही उरलं नाही तर फरक त्याने पदरचा भरायचा. गुरुवारी रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर वितरकाचा माणूस ऑफिसात स्टुलावर बसून डीसीआर बघायचा. डीसीआर म्हणजे रोजच्या विक्रीचा कागद : कुठल्या वर्गाची किती तिकिटं, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत. बेरीज भाड्याच्या खाली गेली की तो चहा नको म्हणायचा. मला आकड्याआधी तेवढ्यावरूनच कळायचं.

आणि आकडाच बघायचा असेल तर शुक्रवारचा बघू नका, सोमवारचा बघा. शुक्रवारी पोस्टर माणसं आणतं, सोमवारी शेजारी आणतो. सोमवारी शुक्रवारच्या निम्मी गर्दी टिकली तर आम्ही पुढच्या आठवड्याची जाहिरात द्यायला मोकळे. 'छावा' 14 फेब्रुवारी 2025 ला लागला आणि पहिल्या सोमवारी शुक्रवारच्या जवळजवळ पाऊणपट टिकला. बुधवारी 19 तारखेला शिवजयंती होती, त्या दिवशी कमाई पहिल्या दिवसाच्या बरोबरीला गेली. आठवड्याच्या मधल्या वारी असं मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिलं. तेही बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झालेली, दहावीची 21 ला सुरू होणार, म्हणजे ज्या घरात मूल परीक्षेला त्या घरातली चार तिकिटं गेली असं आम्ही धरायचो तो काळ!

'छावा' मध्य प्रदेशात, गोव्यात करमुक्त झाला. महाराजांच्या महाराष्ट्रातच का नाही?
(एक शिक्षिका, पंचवटी)

ताई, रागावू नका, पण आपल्याकडे माफ करायला करमणूक करच राहिला नव्हता. मुख्यमंत्र्यांनीही तेव्हा हेच सांगितलं की 2017 मध्येच तो रद्द झालाय. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात फक्त स्वतःचा अर्धा वाटा आहे आणि तो परत द्यायचा असेल तर तिजोरीतून द्यावा लागतो. 2020 मध्ये 'तान्हाजी'ला आपल्या सरकारने तसा दिला होता, म्हणजे रस्ता नाही असंही नाही. पण वरच्याच हिशेबात बघा, 236 च्या तिकिटावर त्याने सुटतात अठरा रुपये. मॉलमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही.

सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. चांगलं झालं. आता तेवढं स्वस्त तिकीट मिळणारी थिएटरं उरायला हवीत.

अ‍ॅपवर सगळ्या खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या. आत गेलो तर चाळीस माणसं! हे काय गौडबंगाल?
(एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

याला आमच्या धंद्यात फीडिंग म्हणायचे. आता ब्लॉक बुकिंग म्हणतात, कॉर्पोरेट बुकिंग म्हणतात. आपल्याच पिक्चरची तिकिटं आपणच घ्यायची.

नव्वदीतली गोष्ट. एका निर्मात्याने मुलाला हिरो केलं होतं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला एक माणूस काखेत चामड्याची बॅग घेऊन आला आणि बाराच्या खेळाचा अख्खा स्टॉल (म्हणजे खालच्या स्वस्त खुर्च्या) आणि बाल्कनी मागितली. नोटा रोख, नंबरी, दोर्‍याने बांधलेल्या. मालकांना फोन केला, ते म्हणाले दे. साडेअकराला मी हाउसफुल्लचा बोर्ड बाहेर लावला. खेळ सुरू झाला, आत बावन्न माणसं.

बावन्न हा आकडा मला पाठ आहे, त्याचं कारण आहे. डोअरकीपर तिकीट फाडून अर्धा तुकडा पत्र्याच्या डब्यात टाकतो. खेळ सुटला की आम्ही ते तुकडे मोजायचो. त्या दिवशी डीसीआरवर साडेसहाशेच्या वर विक्री आणि डब्यात बावन्न तुकडे. पण त्याच्याही आधी सत्य कॅन्टीनवाल्याला कळलं. हाउसफुल्लला आमच्याकडे मध्यंतरात तीनेकशे वडे जायचे. तो बोर्ड बघून तेवढे तळून बसलेला. मध्यंतर संपलं आणि तो परात तशीच उचलून माझ्या टेबलावर घेऊन आला. "साहेब, बोर्ड कुणासाठी लावलाय? माझे वडे खायला तुमचा तो बॅगवाला येणार आहे का?" आम्ही स्टाफने दोन दिवस वडे खाल्ले.

थिएटरचं म्हणाल तर काहीच गेलं नाही. पैसे आले, कर भरला, वितरकाचा हिस्सा गेला, शनिवारच्या पेपरात 'नाशकात हाउसफुल्ल' छापून आलं. पण सव्वाबाराच्या सुमारास ओझरहून एक कुटुंब आलं होतं. एसटीने. आजी, दोन पोरं, नवरा-बायको. पोरांनी नवे कपडे घातलेले. बोर्ड बघून नवरा खिडकीपाशी आला, "एखादं-दुसरं मिळेल का, पोरांना मांडीवर घेतो." आतमध्ये सहाशे खुर्च्या रिकाम्या आणि मी म्हणालो, फुल्ल आहे. कारण प्रत्येक नंबरचं तिकीट विकलं गेलं होतं, माझ्याकडे द्यायला एक तुकडा नव्हता. मी सरळ दार उघडून त्यांना आत बसवायला हवं होतं. नियमाचा माणूस होतो तेव्हा, नाही बसवलं.

तुमच्या अ‍ॅपवर कसं ओळखायचं? खऱ्या माणसांनी घेतलेली तिकिटं मागच्या रांगेपासून भरत येतात, मध्ये एकेक खुर्ची सुटलेली असते, कारण माणसं दोघं, तिघं, पाच अशी येतात. मधल्या सहा रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गच्च आणि मागची रांग मोकळी, असं दिसलं की समजा बॅगवाला येऊन गेलाय. आता त्याच्याकडे बॅग नसते एवढंच.

चाळीसगावचं कलेक्शन नागपूरच्या खात्यात आणि नाशिकचं गुजरातच्या, हे खरं का?
(एक वाचक, चाळीसगाव)

खरं आहे. चित्रपटवाल्यांचा नकाशा इंग्रजांच्या काळातला आहे, तो त्यांनी बदललाच नाही. त्यातल्या एकेका विभागाला सर्किट म्हणतात. नाशिक मुंबई सर्किटात, आमच्या सोबत गुजरातही. तुमचा खानदेश विदर्भाबरोबर सीपी-बेरारमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, आणि मराठवाडा निजाममध्ये, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या भागात. राज्य 1960 साली एक झालं, पण वितरकांच्या वहीत अजून तीन तुकडे आहेत. म्हणून 'महाराष्ट्रात इतके कोटी' असं कुणी छातीठोक सांगितलं की मी विचारतो, कुठल्या महाराष्ट्रात?

आमची रिळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायची, तुमची भुसावळ-अमरावतीकडून. तुमच्या-आमच्यात रेल्वेचे दोन-तीन तास, पण मनमाडच्या पलीकडे प्रिंट दुसऱ्याच्या मालकीची. एकदा आमचं चौथं रीळ तुटलं, चाळीसगावात तोच पिक्चर चालू होता, मागायची सोय नाही. तुकडा कापून, चिकटवून चालवला. अख्खं गाणं गेलं. स्टॉलवाल्यांनी पडद्यावर चिल्लर फेकली, ती आम्ही वेचली. सव्वासात रुपये.

येत्या सिंहस्थात लाखो लोक नाशकात येणार. थिएटरांची चांदी होणार का?
(एक हॉटेलचालक, पाथर्डी फाटा)

मालकांनीही 2015 ला हेच गणित मांडलं होतं. 29 ऑगस्टला पहिलं शाही स्नान, शनिवार, वर राखीपौर्णिमा. बहीण-भाऊ म्हणजे हमखास गर्दी! जादा खेळ लावला. बंदोबस्त असा की गावातल्या गावात माणूस फिरू शकेना, बॅरिकेडच्या धास्तीने नाशिककर घराबाहेर पडले नाहीत. आणि स्नानाला आलेला माणूस गोदेत डुबकी मारायला येतो, पिक्चर बघायला नाही. सहाच्या खेळाला अकरा जण होते, त्यांतले चार पोलीस, पाय दुखले म्हणून बसलेले. तुमच्या हॉटेलचं मला माहीत नाही, जेवण सगळ्यांनाच लागतं.

नाशकात गल्ला सिंहस्थावर नाही, कांद्यावर चालतो. मी सोमवारी पेपरात आधी लासलगावचे भाव बघायचो, मग सिनेमाचं पान. कांदा वर असला की निफाड, चांदवड, सटाण्याच्या जीपा भरून यायच्या आणि बाल्कनी आधी संपायची. कांदा पडला की तीच माणसं स्टॉलला, आणि फारच पडला तर कुणीच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा पैसा हातात असतो, 'छावा'ला इकडे त्याचाही हातभार लागला असणार. अवकाळीने बाग झोडपली की कितीही मोठा हिरो असू दे.

दादासाहेब फाळक्यांच्या काळात कलेक्शन कसं मोजत?
(आठवीतला विद्यार्थी, देवळाली कॅम्प)

बाळा, वजनावर म्हणायला हरकत नाही. 1917 च्या 'लंकादहन'च्या वेळी मद्रासला नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात नेल्या असं सांगतात. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके होते, हे वर्गात सांग, कुणी विश्वास ठेवणार नाही. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, शेवटही नाशकातच झाला, 1944 साली. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आईबाबांना न्यायला सांग.

'सैराट'इतकी गर्दी पुन्हा होईल का?
(एक रिक्षाचालक, नाशिक रोड)

गर्दीचं सांगता येत नाही. 29 एप्रिल 2016 ला तो लागला आणि दीड-दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो, माझ्या वहीतलं ते शेवटचं मोठं पान. मराठी चित्रपटाने शंभर कोटींच्या पुढे जाणं तोवर कुणी बघितलं नव्हतं. मला मात्र आठवतो तो तिसऱ्या सोमवारचा तीनचा खेळ. मे महिन्याचं ऊन, एसी नाही, पंख्यांतले दोन बंद, आणि गाणं लागलं की स्टॉलमध्ये खुर्च्यांवर कुणी बसलेलंच नाही. त्या दिवशी वडे दुपारी चारलाच संपले होते. कॅन्टीनवाल्याने शेवटी नुसते पाव आणि चटणी विकली.

काका, तुम्ही आता पिक्चर बघता का?
(एक गृहिणी, सातपूर)

बघतो की. 'छावा' दुसऱ्या सोमवारी दुपारी पाहिला, मॉलमध्ये, हिच्याबरोबर. दिवे जायच्या आधी मी उभा राहून माणसं मोजली, एकशे अठरा. ही म्हणाली, खाली बसा, लोक बघतायत. मध्यंतरात काउंटरवरच्या पोराला विचारलं, आज पॉपकॉर्नचे किती टब गेले रे? तो म्हणाला, "आजोबा, ते हेड ऑफिसला दिसतं. तुम्हाला चीज की कॅरॅमल?"