साठ डॉलरची न्याहारी आणि पाच वर्षांचा नातू

प्रश्न : माझा मुलगा अटलांटाला असतो. नाताळच्या सुट्टीत तो, सून, नातू (वय ५), नात (पावणेदोन वर्षांची) आणि आम्ही दोघं असे ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणार आहोत. तिथे मुलानं दोन जेवणं ठरवली आहेत. एक तिथल्या किल्ल्यात, सिंड्रेलाचं. दुसरी ‘शेफ मिकीज’ नावाच्या ठिकाणची न्याहारी. मिकी, डोनाल्ड वगैरे टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात म्हणे. पण माणशी साठ-सत्तर डॉलर! आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. एवढे पैसे मोजून आम्ही काय, फळं आणि टोस्ट खायचे? मुलाला बोलले तर त्याचा हिरमोड होईल, आणि नाही बोलले तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. नातवाला मात्र मिकीचं वेड आहे, अगदी उशीच्या अभ्र्यापर्यंत. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, ऑरलँडोजवळ राहून मला बावीस वर्षं झाली. दर हिवाळ्यात आमच्याकडे पाहुणे असतात, आणि त्यांच्या मुलाबाळांबरोबर अशा जेवणांना मी सात-आठ वेळा तरी गेले आहे. त्यामुळे आधी उत्तर सांगते, कारणं मग. मिकीची न्याहारी ठेवा. किल्ल्यातलं जेवण वेळेत रद्द करायला सांगा.

हिशोब उघड मांडू. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना मुलांचा दर, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा. तीन वर्षांखालच्यांचे पैसे नाहीत, म्हणजे नात फुकट. तुम्ही मोठी चौघं, माणशी ६० डॉलर धरले तर २४०. नातवाचे ४० धरा, झाले २८०. त्यावर तिथला साडेसहा टक्के कर, म्हणजे १८ डॉलर. वाढणाऱ्यांची टिप १८ टक्के धरली तर ५०. एकूण ३५० च्या घरात, आपले साधारण तीस हजार रुपये. एका न्याहारीला तीस हजार ही रक्कम लहान नाही, आणि तुम्हाला ती टोचते यात तुमचं काही चुकत नाही.

पण हे पैसे जेवणाचे नाहीत. जेवण म्हणाल तर मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॉफल, अंडी, बटाटे, फळं, पेस्ट्री. चांगलं असतं, पण साठ डॉलरचं नक्कीच नसतं. पैसे जातात ते भेटीचे. उद्यानात मिकीला भेटायला वेगळे पैसे पडत नाहीत, पण रांग असते, आणि नाताळच्या गर्दीत ती तासभरसुद्धा लांबते. पाच वर्षांचं पोर तासभर उभं राहून पुढे पोचतं तेव्हा त्याला तहान लागलेली असते, शू लागलेली असते, आणि मिनिटभरात फोटो होऊन पुढचं कुटुंब आत येतं. जेवणाच्या ठिकाणी उलटं असतं. तुम्ही बसलेले असता आणि मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो एकेक करून तुमच्या टेबलाशी येतात. पोर आपल्या खुर्चीत असतं, आई शेजारी असते.

हा फरक मला माझ्या भाचीच्या मुलामुळे कळला. चार वर्षांचा होता. घरी दिवसभर ‘प्लूटो, प्लूटो’ चाललेलं, आणि तो पिवळाधमक, माणसाहून मोठा कुत्रा खरोखर समोर उभा राहिला तेव्हा हा टेबलाखाली. रडला नाही, बाहेरही येईना. मुखवटा घातलेली ही पात्रं बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. प्लूटोनं काय करावं? तो आमच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसला, आपले लांब कान डोळ्यांवर ओढून घेतले आणि तसाच थांबला. मग एक पंजा पुढे केला, बघितलं मात्र नाही. टेबलाखालून आधी एक हात आला, वॉफलचा एक तुकडा त्या पंजावर ठेवून पटकन मागे गेला. मग डोकं आलं. दोन मिनिटांनी पोरगा प्लूटोच्या नाकावर हात फिरवत होता. शेजारची माणसं खायची थांबून बघत होती आणि माझी भाची रडत होती. तासाच्या रांगेनंतर त्या पोराला एवढा वेळ कुणी दिला असता? तो आता चौदा वर्षांचा आहे, तरी त्याला तो पंजा आठवतो.

म्हणून वय फार महत्त्वाचं. माझ्या अनुभवात चार ते सात ही वर्षं खरी. तुमचा नातू त्याच्या बरोबर मधोमध आहे. नात मात्र कदाचित घाबरेल. तिला मांडीवर घ्या, पात्र जवळ आलं की हळूच हात हलवून ‘लांबूनच’ असं खुणेनं सांगा. त्यांना समजतं, ती अंगावर येत नाहीत.

आता किल्ला का नको? एक, तिथला दर आणखी चढा. दोन, तिथे भेटतात त्या राजकन्या, आणि तुमच्या नातवाचा जीव मिकीत. राजकन्यांचं वेड असलेली सहा वर्षांची मुलगी बरोबर असती तर मी उलट सांगितलं असतं. तीन, आणि माझ्या मते हे सगळ्यात मोठं : किल्ला मॅजिक किंगडम या उद्यानाच्या आत आहे. तिथे शिरायला त्या दिवसाचं तिकीट हवं, आणि ते माणशी शंभर डॉलरच्या वर. सकाळचे पहिले दोन तास, जेव्हा पाळण्यांच्या रांगा सगळ्यात कमी असतात, तेच नेमके जेवणात गेले तर तिकिटाचे पैसे वाया.

‘शेफ मिकीज’ उद्यानाबाहेर, कंटेम्पररी नावाच्या हॉटेलात आहे. तिथे तिकीट लागत नाही. हे हॉटेल १९७१ मध्ये उद्यानाबरोबरच सुरू झालं, आणि त्याच्या पोटातून मोनोरेल जाते. ही न्याहारी उद्यानाच्या दिवशी ठेवू नका. ज्या दिवशी तिकीट काढलेलं नाही, पोचल्याचा दुसरा दिवस किंवा मधला विसाव्याचा दिवस, त्या दिवशी ठेवा. खाऊन झालं की मुलांना मोनोरेलच्या फेऱ्या मारू द्या, त्याला पैसे नाहीत. मात्र न्याहारीची वेळ बदलायची तर मुलाला आत्ताच सांगा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांतल्या सकाळच्या जागा बघता बघता जातात. जागा धरून न कळवता गेलं नाही तर माणशी १० डॉलर कापतात, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या ताटाचं काय, हा प्रश्न मला मनापासून जवळचा आहे. माझी मावशी आली होती तेव्हा अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आम्ही आधी काहीच कळवलं नव्हतं, आणि ती बिचारी दोन तास टरबुजाच्या फोडी खात बसली. तेव्हापासून मी बुकिंग करतानाच ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही’ असं तीन वेगळ्या शब्दांत लिहून ठेवते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर अंडं येतं. तिथे बसल्यावर पुन्हा सांगायचं. बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून कुणीतरी बाहेर येऊन काय चालेल, काय नाही हे विचारतं आणि वेगळं काही करून देतं. वॉफलमध्ये अंडं असतं, त्याचं बिनअंड्याचं मिळेल का तेही विचारा. तरीही निघताना खोलीवर एकेक दशमी खाऊन निघा. उद्यानांत तर घरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बरणी नको. तेव्हा ठेपले, चिवडा, गूळपोळी खुशाल न्या.

किल्ल्याचे जे पैसे वाचतील त्यातून एक दुपार तुम्ही दोघांनी मागून घ्या. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे कुणी मुखवटेवाले येत नाहीत. मोठ्या खिडकीबाहेर गवताळ रान आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे चरत असतात, तुम्ही खात असता आणि जिराफ मान वर करून पानं ओढत असतो. तिथला नानचा थाळा प्रसिद्ध आहे : वेगवेगळे नान आणि बरोबर वाट्यांतून चटण्या, रायता, लोणचं. नातवालाही जिराफ आवडतील. तुमच्या ह्यांना तर नक्कीच, कारण तिथे निवांत बसता येतं.

राहिला मुलाला बोलण्याचा प्रश्न. ‘एवढे पैसे कशाला’ असं म्हणू नका. ‘किल्ल्याऐवजी जिराफ बघत जेवू या का? आम्हाला तिथे नीट खाता येईल’ असं म्हणा. त्याला ते पटेल, शिवाय त्यानं आई-वडिलांसाठी काहीतरी केल्यासारखं होईल. आणि मिकीच्या टेबलावर बसल्यावर मात्र बिलाचा विषय नको, फक्त नातवाकडे बघा.

एक छोटी गोष्ट राहिली. सह्या घ्यायला वही नेणार असाल तर पेन जाड न्या, मार्करसारखं. मिकीच्या हातात पांढरे, फुगीर, चार बोटांचे मोजे असतात. बारीक बॉलपेन त्यात धरवत नाही.