गप्प बसलं म्हणजे हो झालं का?

‘ताई, मी एस.वाय.ला आहे, राजारामपुरीत रूम घेऊन राहतो. परवा कॉलेजात डॉक्टर मॅडम संमती, एसटीआय, विंडो पिरियड असं बरंच बोलल्या. सगळ्या माना डोलवत होत्या, मीपण डोलवली. कळलं काहीच नाही. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर मित्रानं एकदम जवळ ओढून किस केलं. मी दगडागत बसलो. आता तो म्हणतोय, गप्प होतीस म्हणजे हो होतं. माझंच चुकलं का? आणि रूममेट ७२ तासांची गोळी घेते, म्हणते आता कसली भीती नाही. खरं का?’

(‘मी राहतो’, ‘मी बसलो’: आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. बाहेरच्यांनी दुरुस्त्या कळवू नयेत.)

नाही गं, तुझं काही चुकलं नाही. घाबरल्यावर अंग गारठतं, तोंडातून शब्द फुटत नाही. त्याला हो म्हणत नाहीत.

पण तुझा मित्र हे कुठं शिकला तेही सांगते. पोहे घेऊन आलेली मुलगी मान खाली घालून बसली की कुणीतरी मामा ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणून मोकळा होतो. पंगतीत नको-नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी पडतेच, आणि वाढणाऱ्याचं कौतुक होतं. ‘नको’चा अर्थ ‘आणखी आग्रह कर’ असा घेत आपण मोठे होतो. जिलबीपुरतं ठीक आहे.

कायदा मामाचं ऐकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ६३ मध्ये, संमती म्हणजे शब्दानं, खुणेनं किंवा आणखी कुठल्या प्रकारे स्वेच्छेनं दिलेला स्पष्ट होकार. बाईनं झटापट केली नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही, हेही तिथंच लिहिलंय. हे कलम बलात्काराचं आहे, पण रंकाळ्याच्या कट्ट्यावरही मोजमाप हेच लाव. काल हो म्हटलं म्हणून आज हो नसतं. सुरुवातीला हो म्हणून मध्येच थांब म्हणता येतं. किसला हो म्हणजे फोटो काढायला हो नव्हे. आणि १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा होकार कायदा मानतच नाही.

आता रूममेट. ती गोळी गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, अशी घ्यायची असते. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही; गर्भपाताची गोळी वेगळी, ती डॉक्टरांशिवाय घ्यायची नाही. आणि दर वेळी घ्यायची ही वस्तू नव्हे. मुख्य म्हणजे ती आजार अडवत नाही. एसटीआय म्हणजे शरीरसंबंधातून होणारा संसर्ग. क्लॅमायडियासारख्या संसर्गात पुष्कळ बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि उपचार राहून गेले तर पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते. दोन्ही कामं करतो तो कंडोम. मेडिकलमध्ये मागायला लाज वाटते म्हणून गोळीवर भागवणं महागात पडेल, सांग तिला.

विंडो पिरियड म्हणजे संसर्ग झालाय, पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही असा काळ. एचआयव्हीच्या नेहमीच्या टेस्टसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. म्हणून आठवड्यात केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, ही टेस्ट मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुझी परवानगी घेतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं हे गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर, तोही मोफत.

आणि मित्राला एवढंच म्हण: ‘मला ते नको होतं. पुढच्या वेळी आधी विचार.’ ओशाळला, ऐकून घेतलं, तर बघू. ‘लई भाव खातीस’ म्हणाला किंवा पाठीमागं लागला, तर कॉलेजातल्या अंतर्गत तक्रार समितीकडं जा. मैत्रिणीला सोबत ने. काय झालं ते मला कळव.