मार्कांची नाही, त्या ओटीपीची काळजी वाटते

नमस्कार.

राजापूर तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र आणि सोबतचे उत्तरपत्रिकेचे फोटो मिळाले. मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के असूनही तिने हट्टाने रत्नागिरीला एफ.वाय.बी.ए.ला प्रवेश घेतला. प्राचीन भारताच्या पहिल्याच चाचणीत तिला २० पैकी ११ मिळाले. गणपतीला आलेली भावकी ‘पोरगी काय करते?’ विचारते तेव्हा सांगायला लाज वाटते, असं तुम्ही लिहिता. तिला तिथून काढून डी.फार्म.ला घालावं का, हा तुमचा प्रश्न.

त्याआधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य. ‘सुट्टीत घरी आली होती, ती झोपल्यावर तिच्या मोबाईलवरचा ओटीपी घेऊन फॉर्म भरून टाकला, तिला अजून बोललो नाही.’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, माझी नजर मात्र तिथून पुढे सरकेना. सीट लागली की मेसेज तिच्याच मोबाईलवर येईल. वडिलांनी आपल्या नकळत आपली पुढची वाट ठरवली, हे तिला वर्गात बसलेली असताना कळावं, असं तुम्हाला वाटतं का? स्पष्ट सांगते, हे चुकलं. बारावी झालेल्या मुलीशी भांडावं, तिला खर्चाचा हिशेब दाखवावा, पण तिच्या नावावर चोरून सही केल्यासारखं वागू नये. आंब्याचा हंगाम हातचा गेला, धाकट्याचं शिक्षण व्हायचंय, हे तुम्ही लिहिलंय आणि ती काळजी खरी आहे. ती तिच्यासमोर मांडा. भावकीचं म्हणाल, तर विसर्जन झालं की ती मंडळी मुंबईची गाडी धरतात. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचंय ते तुमच्या मुलीला.

आता ते ११ मार्क. ‘शाळेत इतिहास तोंडपाठ असायचा, इथे तेही जमेना,’ असं तुम्ही म्हणता. इतिहास म्हणजे पाठांतर, हा गैरसमज इथेच सोडा. मी उत्तरपत्रिका नीट पाहिली. अशोकाचा काळ तिने बरोबर लिहिलाय आणि त्यापुढे सरांनी लाल शाईत एकच शब्द लिहिलाय: ‘कशावरून?’ कॉलेजातला इतिहास त्या प्रश्नापासून सुरू होतो. अशोकाच्या लेखांत आपल्या ओळखीचा कुठलाही सन नाही. कलिंगचं युद्ध राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर झालं, एवढंच तो सांगतो. पण त्याच तेराव्या शिलालेखात सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा तुरमाय म्हणजे टॉलेमी, अशा पाच यवन म्हणजे ग्रीक राजांची नावं येतात. त्यांचे काळ ग्रीक साधनांवरून माहीत आहेत, म्हणून अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर बसवता येतो. ही साखळी तिने लिहिली नाही, म्हणून मार्क गेले. ती शिकता येते आणि सहामाहीपर्यंत येईलही. बारावीला गणिताच्या पायऱ्या मांडलेल्या मुलीला ही पद्धत परकी वाटू नये.

शिवाय हा विषय लांबचा नाही. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली आपल्याच किनाऱ्यावर, सोपाऱ्याला (आजच्या नालासोपाऱ्याला) मिळाला. तुमच्या तालुक्याला लागून असलेल्या खारेपाटणचा, शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा. त्यावर साल कोरलेलं आहे. आणि बारसू, देवाचे गोठणे, कशेळीच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेली कातळशिल्पं? त्यांच्यावर एक अक्षर नाही, त्यामुळे ती नेमकी कधीची यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. तुम्ही ज्या सड्यावर गुरं सोडता, तिथे हे काम शिल्लक आहे.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. पुरातत्त्वात जागा थोड्या आहेत आणि वाट लांब आहे. एमपीएससी, बी.एड., सेट-नेट हे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. ते बी.ए.नंतरही उघडे राहतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. होतं, संग्रहालयशास्त्राचेही अभ्यासक्रम आहेत. पण नुसत्या पदवीवर यातलं काही मिळत नाही. या तीन वर्षांत तिने संस्कृत किंवा प्राकृत, ब्राह्मी लिपी, नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर आणि इंग्रजी वाचन एवढं पक्कं करायला हवं. ती याला तयार नसेल, तर मी तिलाही तितक्याच स्पष्टपणे सांगेन की हा विषय तिच्यासाठी नाही.

डी.फार्म. वाईट नाही. ज्याला ते करायचंय त्याने जरूर करावं. तिला करायचंय का, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही, आणि तिच्याऐवजी मी ते ठरवणार नाही.

तेव्हा सीटचं पत्र यायच्या आत तिला फोन करा. फॉर्म मीच भरला, तुला न विचारता भरला, हे तुमच्या तोंडून तिला कळू दे. ती रागावेल, ऐकून घ्या. सीट लागलीच तर स्वीकारायची की नाही, ते तिला ठरवू द्या. मग तिला सांगा, मला पत्र लिही. पुढचं मी तिच्याशी बोलेन.