नमपायमध्ये चित्रांवर काम सुरू करताना
नमपाय (NumPy) हे पायथन भाषेतील आकड्यांच्या सारण्या हाताळणारे ग्रंथालय आहे आणि त्यात चित्र म्हणजे आकड्यांची सारणीच असते. चेहरे ओळखण्याच्या प्रयोगाकडे थेट वळण्याचा आपला उत्साह समजतो, तरी आधी १० × १० आकाराचे करड्या छटांचे चित्र स्वतः तयार करून ते उलटे आणि उजळ करून पाहावे, कारण त्यातील प्रत्येक आकडा डोळ्यांनी तपासता येतो.

सुरुवातीच्या बहुतेक चुका आकड्यांच्या प्रकारातून होतात. आठ बिटांच्या पिक्सेलमध्ये (चित्राच्या एका ठिपक्यात) ० ते २५५ एवढेच मावते, त्यामुळे अशा दोन चित्रांतील २०० आणि १०० यांची बेरीज ४४ येते, आणि तीही बिनबोभाट! म्हणून बेरजेपूर्वी चित्र फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) बदलावे, उत्तर ० ते २५५ या मर्यादेत आणावे आणि मगच परत आठ बिटांत न्यावे.

शिवाय:
- पिक्सेलची जागा सांगणाऱ्या निर्देशांकात आधी ओळ, मग स्तंभ येतो.
- ओपनसीव्ही (OpenCV, चित्रे हाताळण्याचे ग्रंथालय) रंग निळा, हिरवा, लाल या क्रमाने वाचते.

फूरिये रूपांतर (चित्राला लहरींच्या रूपात मांडणारी गणिती पद्धत) तूर्त बाजूला ठेवावे.